तोरणमाळला निघताना गाडीतली औषधपेटी

प्रश्न : सिस्टर, मे महिन्यात आम्ही घरचे सगळे अमळनेरहून स्वतःच्या गाडीने तोरणमाळला जाणार आहोत. सोबत सासूबाई (शुगर आहे, इन्सुलिन चालू), दीड आणि आठ वर्षांची मुलं, आणि घाटात हमखास गाडी लागणारी नणंद. गाडी घेतली तेव्हा मिळालेली फर्स्ट एडची पेटी डिक्कीत आहे. ती पुरेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आजच ती पेटी डिक्कीतून काढा आणि उघडून बघा. पट्ट्यांचा डिंक पाघळून त्या एकमेकींना चिकटलेल्या असतील, मलमाच्या ट्यूबमधून तेल सुटलेलं असेल. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या घरात जातो, मग काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे भट्टीच. बऱ्याच औषधांवर '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं. डिक्कीत उन्हाळा काढलेलं औषध लेकराला द्यायचं नाही.

ग्रामीण रुग्णालयात नोकरी करत असल्यापासून मी प्रवासाला निघणाऱ्यांना एकच सांगत आले आहे : पेटी एक नको, दोन करा. एक गाडीत राहणारी, तिच्यात औषध अजिबात नाही. दुसरी छोटी पिशवी औषधांची, जी तुमच्याबरोबर गाडीतून उतरेल, जेवायला हॉटेलात येईल आणि रात्री खोलीत असेल.

गाडीच्या पेटीत निर्जंतुक गॉझ भरपूर घ्या, दोन-तीन पाकिटांनी काही होत नाही. रुंद रोलर बँडेज, एक क्रेप बँडेज, चिकटपट्टीचा रोल, बोथट टोकाची कातर, चिमटा, हातमोजे, टॉर्च. आणि घरातलं एक जुनं, स्वच्छ धुतलेलं सुती धोतर किंवा लुगडं. ते फाडून त्रिकोणी तुकडे केले की हात गळ्यात बांधायची झोळी होते, लांब पट्ट्या काढल्या की मोडलेल्या पायाला काठी बांधता येते, आणि भिजवलं की ऊन लागलेल्या माणसाला गुंडाळता येतं. चिकटपट्टी मात्र दर उन्हाळ्यानंतर नवी घ्या. पेटी सामानाखाली दाबू नका, पुढच्या सीटखाली ठेवा.

उन्हाळी सुटीत आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये गाडीच्या दारात बोट चेमटलेली पुष्कळ असायची. रक्त येत असेल तर गॉझची घडी ठेवून घट्ट दाबा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उचलून 'थांबलं का' बघायचं नाही, तिथेच पुन्हा वाहायला लागतं. गॉझ भिजला तर तो न काढता वरून दुसरा ठेवा. जखमेवर थेट कापूस नको, त्याचे धागे आत चिकटतात. हळद, कॉफी पूडही नको, ती खरवडून काढताना लेकरू जे रडतं ते मी पाहिलेलं आहे. स्वच्छ पाण्याने धुवा आणि झाका, एवढं पुरे. बोट वाकडं दिसलं किंवा नख उखडलं तर शेजारच्या बोटाला बांधून शहाद्याला दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

आता औषधांची पिशवी. सासूबाईंचं इन्सुलिन रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. बर्फ घालणार असाल तर तो फडक्यात गुंडाळा आणि पेन वेगळ्या डबीत ठेवा, कारण गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. सोबत ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर हवीच. प्रवासात जेवणाची वेळ टळते आणि इंजेक्शन मात्र घेतलेलं असतं, तिथेच घोटाळा होतो. त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं तर आधी तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून पाजा, मग तपासत बसा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि गाडी दवाखान्याकडे घ्या.

मुलांच्या तापाच्या सिरपचा डोस डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच चिकटवा. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. घरी एक बाटली, प्रवासात दुसरी, आणि चमचा तोच, असं झालं की डोस दुप्पट जातो. नणंदेला गाडी लागण्याची गोळी घाट सुरू व्हायच्या आधी अर्धा-एक तास द्यावी लागते, ओकारी सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्या गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही. धाकट्याला तर ती अजिबात नको, दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. आणि दुपारी वरण-बट्टीवर ताव मारून लगेच घाट चढू नका.

ओआरएसची चार-पाच पाकिटं घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, पूर्ण. अर्धं पाकीट ग्लासात टाकून पाजतात, ते चूक आहे, मीठ जास्त होतं. खोक्यातली गोड, फळाच्या चवीची सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघूनच घ्या.

पाण्याविषयी माझा आग्रह आहे. पिण्याचं वेगळं आणि त्याशिवाय वीस लिटरचा एक जार गाडीत हवाच. म्हसावद, राणीपूर सोडलं की पुढे चढ लागतो. भर दुपारी इंजिन तापलं की कुणीतरी घाईने रेडिएटरचं झाकण उघडतो आणि उकळतं पाणी हातातोंडावर येतं. तसं झालं तर वीस मिनिटं गार पाण्याची धार धरायची. टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फ नाही. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढा. हेच पाणी ऊन लागलेल्यासाठीही. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, अशी अवस्था असेल तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओलं धोतर टाकून वारा घाला, आणि गार करत करतच दवाखान्यात न्या. नुसता घोळणा फुटला असेल तर डोकं मागे टाकू नका. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा.

निघण्याआधी एका कागदावर प्रत्येकाचं नाव, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते लिहा. वरती फोनला रेंज जाते. रेंज शेवटची कुठे होती ते ध्यानात ठेवा, म्हणजे १०८ ला फोन करायला कुठवर मागे यायचं ते कळेल.

प्रश्न : सिस्टर, आम्ही पालच्या जंगलाकडे मुलांना घेऊन नेहमी जातो. साप-विंचवासाठी पेटीत कोणतं औषध ठेवावं?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, कोणतंही नाही. सापाच्या विषावरची लस शिरेतून द्यावी लागते, तिची जोराची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ती दवाखान्यातच. साप चावला तर तुमची गाडी हेच पहिलं औषध. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, साप शोधण्यात वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका. चावलेल्या पायाला काठी बांधून तो हलणार नाही असं करा, जोडवी-पैंजण काढा आणि निघा. लस आहे ना, हे वाटेतूनच फोन करून विचारा. मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून 'काही होत नाहीये' म्हणत सकाळची वाट बघायची नाही.

लाल विंचू चावून मुलाला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर तीही धावपळीची वेळ आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनची गोळी कशी जीव वाचवते ते दाखवून दिलं. पण तिने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या हातूनच. तुम्ही न्यायला फक्त उशीर करू नका.

प्रश्न : हायवेवर दुसऱ्याचा अपघात दिसला तर पेटी काढून मदत करावी का? पोलिसांचं झंझट नको वाटतं.
– एक वाचक, पारोळा

उत्तर : जरूर करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलं आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. आपली गाडी रस्त्याखाली घ्या, धोक्याचा त्रिकोण मागे लांब ठेवा, हातमोजे घाला. आग लागण्याची किंवा मागून ट्रक येण्याची भीती नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मान तशीच स्थिर धरा, वाहतं रक्त दाबा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. तुमचे दोन्ही हात त्या वेळी मोकळे नसतील.