सत्तेत बसून खरं बोललेला अर्थमंत्री

पैसे खात नाही एवढ्यावर नेत्याला प्रामाणिक म्हणावं का, आणि स्वतःच्याच सरकारला तोंडावर सुनावणारा कुणी मंत्री होऊन गेला का, असं तुम्ही विचारलंय. मला पहिलं नाव आठवतं ते चिंतामणराव देशमुखांचं.

महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५० मध्ये नेहरूंचा अर्थमंत्री झाला आणि १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून आला. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. मुंबई पेटली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. प्रत्यक्षात ते बाहेर पडले जुलैमध्ये. मधले सहा महिने ते का थांबले, असं कुणी विचारेल. पण अर्थसंकल्प तोंडावर होता, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण नुकतंच हाती घेतलं होतं. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, असं मला वाटतं.

जाताना लोकसभेत ते जे बोलले, त्यासाठी मी त्यांना मानतो. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळापुढे नीट आलाच नाही, असं त्यांनी खुद्द पंतप्रधानांसमोर सांगितलं. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही, हेही विचारलं. यातला पहिला मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. मुंबई कुणाची, यावर मतभेद असू शकतात. पण मंत्र्यांना बाजूला ठेवून एवढा मोठा निर्णय होत असेल, तर ते मुंबईशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही खटकायला हवं. नेहरूंनी तो आरोप मान्य केला नाही. त्यांची तेव्हाची लोकप्रियता आठवून बघा, म्हणजे हे बोलायला काय लागलं असेल ते कळेल. देशमुखांच्या पाठीशी ना स्वतःचा गट होता, ना साखर कारखाने, ना कार्यकर्त्यांची फौज. सनदी नोकरीतून आलेला एकटा माणूस.

राजीनाम्यानंतर त्यांनी वेगळा पक्ष काढला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची त्यांची मागणी मात्र कधीच पुरी झाली नाही.