वाचण्यासाठी लिहिण्याचा परवाना

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि नेटवर्क

प्रश्न : आम्ही पुण्यात स्टोरेज सर्व्हरचे सॉफ्टवेअर लिहितो. क्लायंटने डेटा साठवण्याची आज्ञा पाठवली की आमचा सर्व्हर आरडीएमए रीड करून, म्हणजे समोरच्या प्रोसेसरला मध्ये न घेता नेटवर्क कार्डामार्फत थेट, त्याच्या मेमरीतून तो डेटा ओढून घेतो. ज्या बफरमध्ये हा डेटा उतरतो, तो आम्ही केवळ ‘लोकल राइट’ (फक्त आपल्याच कार्डाला लिहिण्याची मुभा) परवानगीने कार्डाकडे नोंदवतो. इन्फिनिबँड आणि रॉकी या आरडीएमएच्या दोन प्रोटोकॉलवर हे विनातक्रार चालले. आता एका ग्राहकाकडे आयवॉर्प या तिसऱ्या प्रोटोकॉलची कार्डे आहेत आणि तेथे पहिल्याच रीडला जोडणी तुटते. क्लायंटने दिलेल्या परवानग्या आम्ही तीनदा तपासल्या आहेत. चूक कोठे असावी?

उत्तर : क्लायंटच्या बाजूला आता चौथ्यांदा तपासू नका, अडचण आपल्याच बफरमध्ये आहे. आयवॉर्पवर रीडचा डेटा ज्या बफरमध्ये उतरतो, त्याला ‘लोकल राइट’बरोबर ‘रिमोट राइट’ परवानगीही द्यावी लागते. आपणच मागवलेला डेटा आपल्याच मेमरीत यावा म्हणून परक्या यंत्राला तेथे लिहिण्याचा हक्क द्यायचा, हे चमत्कारिक वाटते खरे. परंतु इन्फिनिबँड आणि आयवॉर्प रीड कशी पूर्ण करतात हे पाहिले की त्यातली संगती लागते.

इन्फिनिबँडमध्ये रीडच्या विनंतीतून समोरच्या मेमरीचा पत्ता, तिची आरकी (त्या मेमरीत शिरण्याची किल्ली) आणि लांबी एवढेच पाठवले जाते. उत्तराची पॅकेट परतली की विनंती करणारे कार्ड त्यांचे क्रमांक स्वतःच्या प्रलंबित विनंतीशी जुळवते आणि डेटा कोठे ठेवायचा हे आपल्याच नोंदीवरून ठरवते. डेटा कोणत्या बफरमध्ये उतरला, हे समोरच्याला कधीच कळत नाही, म्हणून ‘लोकल राइट’ पुरेसे ठरते. रॉकी म्हणजे हीच वाहतूक ईथरनेटवर नेणारी रचना आहे (पहिली आवृत्ती २०१०, यूडीपीवरची दुसरी २०१४), त्यामुळे तेथेही नियम तोच.

आयवॉर्पची घडण मुळातच निराळी आहे. २००७ सालच्या आरएफसी ५०४० या इंटरनेट मानक-दस्तऐवजानुसार रीडच्या विनंतीत पाच गोष्टी असतात : डेटा जेथून घ्यायचा तेथील एसटॅग आणि ऑफसेट (मेमरीतील नेमकी जागा), डेटा जेथे उतरवायचा तेथील एसटॅग आणि ऑफसेट, आणि डेटाचा आकार. एसटॅग म्हणजे नोंदवलेल्या मेमरीची ३२ बिटांची ओळख. इन्फिनिबँडमधील आरकीचाच हा भाऊबंद. समोरचे कार्ड डेटा पाठवताना आपण विनंतीत दिलेला एसटॅग त्यावर चिकटवते आणि आपले कार्ड तो मजकूर उतरवताना जवळजवळ तेच करते, जे ते बाहेरून आलेल्या कोणत्याही राइटच्या बाबतीत करते, म्हणजे एसटॅग पाहून तेथे बाहेरच्याला लिहिण्याची मुभा आहे का ते तपासते. मुभा नसेल तर कार्ड ‘टर्मिनेट’ संदेश पाठवून जोडणी संपवते. आपल्याला दिसलेली तुटलेली जोडणी ती हीच.

दुरुस्ती सोपी आहे, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. कार्ड आयवॉर्पचे आहे की नाही, हे ओळखण्यासाठी बरेच जण ‘लिंक लेयर’ ईथरनेट आहे का ते पाहतात. रॉकीसुद्धा ईथरनेटवरच चालत असल्याने ही खूण निरुपयोगी आहे आणि तिच्या भरवशावर राहिल्यास रॉकीवर विनाकारण जादा हक्क दिला जातो. व्हर्ब्जच्या (आरडीएमए कार्डांशी बोलण्याच्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसच्या) उपकरण-माहितीतील ‘ट्रान्सपोर्ट टाइप’ हे क्षेत्र पाहावे. रॉकीचे कार्ड तेथे स्वतःला इन्फिनिबँड म्हणवते आणि आयवॉर्पचे कार्ड आयवॉर्प. कार्डाच्या नावावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण इंटेलचे ई८१० कार्ड दोन्ही प्रोटोकॉल बोलू शकते.

त्याहून चांगला मार्ग असा की परवानगीचा हा प्रश्न अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये विखरूच देऊ नये. ‘या बफरला कोणते हक्क हवेत’ असे न विचारता ‘हा बफर कोणत्या कामात कोणत्या बाजूला उभा राहणार आहे’ असे विचारावे आणि त्या कामावरून हक्क ठरवणारे एकच फंक्शन ठेवावे. लिबफॅब्रिक या नेटवर्क लायब्ररीची रचना याच विचाराची आहे. तेथे आपण बफर ‘रीडचा डेटा घेण्यासाठी’ आहे एवढेच सांगतो आणि खाली आयवॉर्प असेल तर ‘रिमोट राइट’ जोडण्याचे काम तिचा व्हर्ब्जशी बोलणारा भाग (‘व्हर्ब्ज प्रोव्हायडर’) करतो. लिनक्स कर्नलमध्येही (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातही) २०१६ साली ४.७ आवृत्तीत आलेल्या सामायिक रीड-राइट यंत्रणेने हाच निर्णय एका जागी आणला. त्याआधी प्रत्येक स्टोरेज ड्रायव्हर हा फरक आपापल्या परीने सांभाळत असे. आपले सॉफ्टवेअर कर्नलमध्ये असेल तर सरळ तीच यंत्रणा वापरावी.

आता या परवानगीच्या किमतीकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातील खरी जोखीम तेथे आहे. एकदा ‘रिमोट राइट’ दिले की तो एसटॅग वैध असेपर्यंत क्लायंट त्या बफरमध्ये केव्हाही लिहू शकतो, रीड पूर्ण झाल्यानंतरही. आपण डेटाचा चेकसम (डेटा बदलला आहे का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) तपासला, तो बरोबर निघाला आणि डिस्कवर लिहिण्यापूर्वीच्या क्षणी क्लायंटने बफर बदलला, तर तपासलेला डेटा एक आणि साठवलेला दुसरा असे होईल. म्हणून कर्नलमध्ये ‘रीड विथ इनव्हॅलिडेट’ वापरून डेटा उतरताच तो एसटॅग बाद करावा. यूजर-स्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये) साध्या पद्धतीने नोंदवलेला रीजन (मेमरीचा तुकडा) असा स्वस्तात बाद करता येत नाही आणि प्रत्येक वेळी नोंदणी रद्द करणे महाग पडते. तेथे उतरण्यासाठी वेगळे राखीव बफर ठेवून डेटा आधी खासगी मेमरीत कॉपी करावा आणि तपासणी त्या कॉपीवर करावी. एक कॉपी वाढते हे आरडीएमएच्या अभिमान्यांना रुचणार नाही, पण क्लायंटवर पूर्ण विश्वास नसेल तर ती वाचवू नये.

जाता जाता : इन्फिनिबँडवर एका रीडचा डेटा अनेक तुकड्यांत पसरवता येतो, आयवॉर्पवर मात्र तो एकाच एसटॅगखाली उतरावा लागतो. आपला कोड तुकड्यांची यादी देत असेल, तर परवानगी सुधारल्यावर पुढची अडचण तीच असेल.

प्रश्न : एवढे भेद सांभाळण्यापेक्षा सर्व मेमरी सुरुवातीलाच सर्व परवानग्यांसह एकदाच नोंदवून टाकली तर काय बिघडते? नेटवर्क आमच्याच इमारतीतील आहे.

उत्तर : बिघडते ते असे की एक आरकी हाती लागली की संपूर्ण मेमरी हाती लागते. या किल्ल्या नेहमीच्या मांडणीत पॅकेटमधून उघड्यानेच प्रवास करतात. शिवाय २०२१ साली यूझनिक्स सिक्युरिटी या संगणक-सुरक्षा परिषदेत ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी दाखवून दिले की, काही कार्डे नव्या आरकी अंदाज बांधता येईल अशा पद्धतीने देतात. कर्नलमध्ये सगळ्या मेमरीसाठी एकच आरकी मागण्याची सोय आहे, पण तिच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द घातलेला आहे; याहून स्पष्ट इशारा तो कोणता? नोंदणीचा खर्च हीच खरी अडचण असेल, तर रीजन एकदाच ‘मेमरी विंडो बाइंड’ परवानगीसह नोंदवावा आणि बाहेरच्याला हक्क देताना त्यावर लहान मेमरी विंडो (रीजनच्या एका भागापुरती, स्वतंत्र किल्ली असलेली खिडकी) बांधावी. ‘टाइप २’ विंडो विशिष्ट क्यूपीशी (एका जोडणीच्या पाठवण्या-घेण्याच्या रांगांच्या जोडीशी) जखडलेली असते, त्यामुळे एका क्लायंटची किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली तरी ती चालत नाही. मेमरीचा तोच तुकडा पुन्हा वापरताना किल्लीचे शेवटचे आठ बिट बदलावेत, म्हणजे जुनी प्रत बाळगून असलेल्याला दार लगेच उघडे मिळणार नाही.

प्रश्न : रीजनला ‘रिमोट रीड’ दिलेले असूनही इन्फिनिबँडवर ‘रिमोट अॅक्सेस एरर’ येतो. असे का?

उत्तर : रीजनची परवानगी ही अनेक तपासण्यांपैकी एक आहे. क्यूपी ‘इनिट’ अवस्थेत नेताना तिलाही स्वतंत्र परवानग्या द्याव्या लागतात. तेथे ‘रिमोट रीड’ राहून गेले असेल तर रीजनच्या उदारपणाचा उपयोग नाही. क्यूपी आणि रीजन एकाच प्रोटेक्शन डोमेनमधील (एकमेकांना वापरता येणाऱ्या संसाधनांच्या गटातील) आहेत का आणि पत्ता अधिक लांबी रीजनच्या हद्दीबाहेर जात नाही ना, हेही पाहावे. लॉगमध्ये दिसणारे ‘फ्लश’ त्रुटींचे लोंढे वाचू नयेत. क्यूपी बिघडल्यावर रांगेतील उरलेल्या विनंत्या तशाच परत येतात आणि उपयोगाची नोंद त्यांच्या आधीची पहिली असते. आपण ॲटॉमिक (मध्ये दुसऱ्या कोणाला न येऊ देता वाचून बदलण्याची क्रिया) वापरत असाल तर त्यासाठी ‘रिमोट ॲटॉमिक’ वेगळे मागावे लागते आणि त्याबरोबर ‘लोकल राइट’ असल्याशिवाय नोंदणीच होत नाही. आयवॉर्पच्या मूळ आरएफसीमध्ये ॲटॉमिक नव्हतेच, ते २०१४ च्या आरएफसी ७३०६ मध्ये आले. म्हणून तेथे परवानगी मागण्यापूर्वी कार्डाची ॲटॉमिक क्षमता विचारून घ्यावी.