नव्या वर्षात पाचारण शोधताना

वॉचनाईटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचललीस, छान. पण तीत वर्षभराचं भविष्य शोधू नकोस; ते वचन ज्या अध्यायातलं आहे, तो अख्खा वाच. मग मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, घे. १६च अध्याय आहेत, १ तारखेपासून रोज एक वाचलास तर १६ जानेवारीला संपतं. येशू कुणाकुणापाशी थांबतो, तेवढं वहीत टिपत जा.

आपलं पाचारण, म्हणजे देवानं कशासाठी बोलावलंय, हे प्रार्थनेत एकदम कळेलच असं नाही; ते काम करतानाही उमगतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना आसरा दिला, त्यातून पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तूही मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं, एखादं काम अंगावर घे. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, काहीही (गायनमंडळात गर्दी आहे!). आणि नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावंसं वाटलंच, तर आधी पाळकसाहेबांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोल. ईस्टरपर्यंत तरी राजीनामा देऊ नकोस.