क्वांटम आणि सुपरकॉम्प्युटर एकत्र कसे चालवायचे? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (बीईची विद्यार्थिनी, खानापूर): सर, क्वांटम कॉम्प्युटर आले की सुपरकॉम्प्युटर भंगारात जाणार काय?

नाही जात, उलट त्यांचं काम वाढतंय की. सर्किट (म्हणजे क्वांटमचा प्रोग्राम) बनवायचं, ते त्या क्वांटम चिपला समजेल असं कंपाइल करायचं, आलेल्या मोजमापातल्या चुका साफ करायच्या, हे सगळं साध्या प्रोसेसरवरच होतं. जपानमधल्या फुगाकू सुपरकॉम्प्युटरचं उदाहरण घ्या, लोह-गंधकाच्या रेणूंची ऊर्जा काढताना आयबीएमच्या हेरॉन या क्वांटम चिपवरचे जास्तीत जास्त 77 क्यूबिट (क्वांटमचे बिट) वापरले आणि तिथून आलेले नमुने चाळून हिशोब पुरा करायला फुगाकूचे 6400 पर्यंत नोड (म्हणजे त्यातले सुटे कॉम्प्युटर) लागले. एवढ्याशा चिपमागं एवढी फौज! 2025 च्या जूनमध्ये तर कोबेला फुगाकूच्या शेजारीच 156 क्यूबिटची मशीन सुरू केली.

प्रश्न (सॉफ्टवेअरवाले, उद्यमबाग, बेळगाव): आमच्या क्लस्टरवर स्लर्म (जॉब रांगेत लावून वाटणारं सॉफ्टवेअर) आहे. क्वांटम मशीन म्हणजे अजून एक जीपीयू असं समजून जोडली तर काय बिघडतंय?

जोडता येते, पुष्कळ ठिकाणी सुरुवात तशीच करतात, पण घोटाळा वेळेचा होतो. जीपीयू ढिगानं असतात, क्वांटम मशीन बहुतेक ठिकाणी एकच आणि ती सगळ्यांत वाटायची. त्यात हायब्रिड जॉब, म्हणजे क्वांटम आणि साधा प्रोसेसर मिळून करायचं काम: सर्किट चालव, मोज, सर्किटमधले कोन बदल, परत चालव, अशा शेकडो फेऱ्या. आता साधे नोड आणि क्वांटम मशीन दोन्ही एकदम अडवून ठेवले तर सीपीयू हिशोब करत असताना क्वांटम मशीन रिकामी, आणि वेगळे ठेवले तर प्रत्येक फेरीला नवी रांग आणि तोवर तुमचे नोड बसून. तुमच्या उद्यमबागेत सगळ्या लेथला मिळून एकच महाग ग्राइंडिंग मशीन असली की जॉब लावताना जी ओढाताण होते, तीच ही.

उपाय म्हणजे जॉबचे तुकडे करायचे, क्वांटमचा वेळ छोट्या छोट्या हिश्श्यात वाटायचा आणि एकाचा हिशोब चालू असताना दुसऱ्याचं सर्किट आत सोडायचं. यासाठी क्यूआरएमआय नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे आणि तिच्यावर बसणारा स्लर्मचा स्पँक प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), त्यामुळं जॉब स्क्रिप्टमध्ये नुसतं मशीनचं नाव द्यायचं, मागं आयबीएमची मशीन आहे की पास्कल कंपनीची ते प्लगइन बघून घेतं. जर्मनीत म्युनिकच्या एलआरझेड सुपरकॉम्प्युटर सेंटरनंही भागीदारांबरोबर स्वतःचा सॉफ्टवेअर स्टॅक बांधलाय. माझं स्पष्ट मत, कुठली क्वांटम भाषा चांगली यावर वाद घालण्यापेक्षा शेड्युलिंगवर डोकं लावा, खरी अडचण तिथंच आहे.

एरर करेक्शन, म्हणजे सर्किट चालू असतानाच क्यूबिटच्या चुका पकडून दुरुस्त करणं, मात्र वेगळं. तिथं उत्तर मायक्रोसेकंदांत परत जायला लागतं, रांग वगैरे चालतच नाही, जीपीयू किंवा तसलेच प्रोसेसर थेट क्वांटम चिप चालवणाऱ्या कंट्रोल हार्डवेअरला जोडावे लागतात. एनव्हिडियाची 2025 ची एनव्हीक्यूलिंक ही जोडणी त्याचसाठी आहे.

प्रश्न (बीसीए, निपाणी): माझ्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर किती क्यूबिट चालतील?

लॅपटॉपवर क्यूबिटची नक्कल (सिम्युलेशन) करताना त्यांची पूर्ण स्टेट, म्हणजे सगळ्या शक्यतांचे आकडे, मेमरीत ठेवायची तर 28. प्रत्येक आकड्याला 16 बाइट धरले की 28 ला 4 जीबी लागतात आणि 29 ला 8, म्हणजे विंडोजलाच जागा उरत नाही. दर क्यूबिटला मेमरी दुप्पट, 40 ला 16 टीबी, 50 ला 16 पीबी. शिकायला 20 भरपूर, त्याला 16 एमबीच लागतात.

प्रश्न (पालक, चिक्कोडी): मुलगी क्वांटमच्या कोर्सला पैसे भरा म्हणते, भरू काय?

ताई, आत्ता भरू नका. किसकिट, कुडा-क्यू, पेनीलेन ही क्वांटम प्रोग्रामिंगची सॉफ्टवेअर सगळी फुकट मिळतायत. तिला आधी लिनक्स, सी++, एमपीआय (अनेक नोडवर एकत्र प्रोग्राम चालवायची पद्धत) आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं करू द्या. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन जुन्या मशीन मिळाल्या तर त्यावर स्लर्म बसवून बघू दे, त्यातून जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. 2025 मध्ये आलेल्या किसकिट 2.0 पासून सी भाषेतूनही काम करायची सोय सुरू झालीय, म्हणजे एचपीसी (सुपरकॉम्प्युटरवरचं काम) येणाऱ्या पोरांना दार उघडलंय. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे 6003.65 कोटी रुपये 2030-31 पर्यंतचे आहेत, त्यातलं कॉम्प्युटिंगचं हब बेंगळुरूच्या आयआयएससीत, तिथंच परम प्रवेगा सुपरकॉम्प्युटर पण आहे, आणि पुण्याला सुपरकॉम्प्युटर बनवणारी सी-डॅक. दोन्ही शहरं आपल्याच पुणे-बेंगळुरू हायवेवर. इंटर्नशिपला अर्ज करताना सर्टिफिकेटऐवजी स्वतः चालवलेला कोड जोडायला सांगा तिला.