फान्ते-फान्ते करताना मासा मोडू नये म्हणून काय करावं?

प्रश्न: ताई, आम्ही सध्या घानात, आक्राला राहतो. केप कोस्टला फिरायला गेलो तेव्हा फान्ते-फान्ते खाल्लं, ते लाल पामतेलातलं माशाचं कालवण, आणि घरातले सगळे त्यावर फिदा झाले. घरी केलं की मासा मोडून पार लगदा होतो, रस्सा पाणचट लागतो आणि रंगही तसा येत नाही. मासा आधी तळून घेऊ का? आणि रिफाइंड पामतेल चालेल का?

उत्तर: तळू नका प्लीज! फान्ते-फान्ते हे किनाऱ्यावरच्या फान्ते कोळ्यांचं कालवण, केप कोस्ट, एल्मिना तो सगळा पट्टा, आणि ताजा मासा कच्चाच रश्शात सोडायचा हीच तर त्याची सगळी मजा आहे. तळलेल्या माशाचं स्ट्यू घानात वेगळं करतातच, तेही मस्त लागतं पण ते हे नव्हे.

मासा मोडतो कारण बहुतेक तुम्ही तो फार लवकर घालताय. आधी रस्सा पूर्ण होऊ द्या. किलोभर माशाला साधारण अर्धा कप लाल पामतेल, दोन मोठे कांदे, पाच-सहा पिकलेले टोमॅटो, बोटभर आलं आणि झेपेल तेवढी मिरची. टोमॅटो, आलं, मिरची असांकात रगडा, म्हणजे ते आतून खाचा असलेलं मातीचं भांडं, तुमच्या बाजारात सहज मिळेल, त्यात वाटण भरड राहतं आणि मिक्सरमध्ये मात्र टोमॅटोचं नुसतं पाणी होतं. तेलात कांदा मऊ करा, वाटण घाला आणि मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत परता, वीस मिनिटं लागली तरी लागू देत, घाई केली की तोच कच्चट पाणचट रस्सा. मग जेमतेम कपभर पाणी, उकळी आली की मीठ लावून ठेवलेल्या जाड, काट्यासकटच्या तुकड्या एका थरात ठेवायच्या, डोकं पण टाका, चव त्यातच असते. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. आणि एकदा मासा गेला की पळी अजिबात घालायची नाही, पातेलं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवायचं बस. वरून दोन-चार अख्ख्या क्पाक्पो शितो मिरच्या सोडा, त्या छोट्या गोल, त्यांचा वास फार सुंदर असतो, फक्त फुटू देऊ नका.

रंगाचं म्हणाल तर रिफाइंड तेल इथे नकोच. रिफाइंड करताना तेलाचा लाल रंग आणि वास दोन्ही काढून टाकतात मग कालवणात उरणार काय? बाजारातलं न गाळलेलं लाल तेलच घ्या, आणि धूर येईपर्यंत तापवू नका, त्यानेही रंग उडतो. वर थोडा लाल तवंग येणारच, तो काढू नका.

अजून एक, मंगळवारी ताजा मासा शोधू नका, घानाच्या किनाऱ्यावर बऱ्याच गावांत त्या दिवशी समुद्रात जायचं नाही अशी जुनी रीत आहे, म्हणून जे मिळेल ते आदल्या दिवशीचं किंवा बर्फातलं असण्याची शक्यता जास्त. सोबत बान्कू, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा मऊ शिजवलेला गोळा, चालेल पण मला विचाराल तर फान्ते केंकेच, तोही आंबवलेल्या मक्याच्या पिठाचाच पण केळीच्या जातीच्या प्लांटेनच्या पानात बांधून शिजवलेला. आक्रात जास्त करून मक्याच्या सालीत बांधलेला गा लोकांचा केंके मिळतो, त्याची चव जरा वेगळी.

प्रश्न: फान्ते-फान्तेमध्ये मोमोनी घालायलाच हवी का? घरात वास कुणालाच सहन होत नाही.

उत्तर: नाही घातली तरी काही अडत नाही. मोमोनी म्हणजे खारवून आंबवलेला मासा, कोंटोमिरेच्या, म्हणजे अळूसारख्या पाल्याच्या भाजीत ती हवीच असं मी म्हणेन, पण इथे मासा ताजा असेल तर त्याचीच चव पुढे येऊ द्या. घालायचीच झाली तर नखाएवढा तुकडा धुऊन कांद्याबरोबर तेलात परता आणि मीठ अगदी शेवटी चाखून घाला, कारण ती भयंकर खारट असते.