सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट टेस्ट करायचं टूल) ३ वरून ४ वर गेलो तर फाइंड एलिमेंट बाय आयडी ला ॲट्रिब्यूट एरर येतोय, काय करू?

तुमचा लोकेटर (पानावरचा एलिमेंट शोधायची खूण) बरोबरच आहे हो, पायथनमधे बाय आयडी, बाय नेम वगैरे जुन्या मेथड ४.३ पासून काढूनच टाकल्यात. आता नुसतं फाइंड एलिमेंट लिहायचं, कंसात आधी बाय डॉट आयडी, मग स्वल्पविराम देऊन तुमची आयडी, आणि फाइलमधे वर बाय हा क्लास इम्पोर्ट करायला विसरू नका, बरेच जण तिथेच अडकतात. एक्झिक्युटेबल पाथ (ड्रायव्हर, म्हणजे ब्राउझर चालवणारा प्रोग्राम, कुठे आहे तो पत्ता) पण ४.१० मधे गेलाय, तो सर्व्हिस ऑब्जेक्टमधून द्या, खरंतर देऊच नका, ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर ब्राउझरचं व्हर्जन बघून ड्रायव्हर स्वतःच डाउनलोड करतो. आणि प्लीज हे अपग्रेड कोडच्या वेगळ्या ब्रँचवर (वेगळ्या प्रतीवर) करा, सोबत नवीन टेस्ट घुसवू नका, नाहीतर काय कशामुळे फुटलं ते कळतच नाही.