वाडा पडला तरी भाडेहक्क पडत नाही

प्रश्न: मंडईमागच्या एका वाड्यात आम्ही सासऱ्यांच्या काळापासून भाड्याने राहतो. सासरे गेले, पण पावती अजून त्यांच्याच नावाने निघते. भाडं महिना 90 रुपये. यंदाच्या पावसात मागची भिंत खचली आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. मालक म्हणतात, ‘खोल्या सोडल्याच्या कागदावर सही करा, नव्या इमारतीत जागा देऊ.’ आमच्या पुढच्या खोलीत मंडईतल्या एका व्यापाऱ्याची लसणाची पोती असतात, त्याचे तो थोडे पैसे देतो. सही करावी का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे

उत्तर: ताई, सही करू नका. आणि भिंत खचलेल्या वाड्यात राहूही नका. जीव वाचवायला बाहेर पडणं आणि भाडेहक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाच्या कागदात त्या मुद्दाम एक केलेल्या असतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खालची नोटीस माणसांच्या सुरक्षिततेसाठी असते. भाडेकरू कोण, हे महापालिका ठरवत नाही. शहा रतनसी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे, की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही. भाडेकरूचा हक्क खालच्या जमिनीशीही जोडलेला असतो. मात्र ‘राजीखुशीने ताबा दिला’ असं तुम्हीच लिहून दिलंत, तर हा निकाल तुमच्या फारसा कामी येणार नाही.

बाहेर पडण्याआधी पालिकेच्या बांधकाम विभागाला अर्ज द्या: आमच्या ताब्यातल्या खोल्यांची मोजणी करा, क्षेत्रफळ आणि आमची नावं नोंदवा. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. खोल्यांचे फोटो, जुन्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड एका फायलीत लावा. बाकीचे भाडेकरू सोबत आले तर वर्गणी काढून स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. वर्षानुवर्षं डागडुजी करायची नाही आणि मग वाडा धोकादायक म्हणून ओरडायचं, हा प्रकार पेठांमध्ये नवा नाही. खरं तर भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आली, तेव्हापासून इथल्या प्रत्येक पडक्या भिंतीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. त्यात राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत जुन्या, धोकादायक इमारतींच्या भाडेकरूंचं पुनर्वसन केल्यास जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळते. म्हणजे तुमचं नाव भाडेकरू म्हणून यादीत असण्यात विकसकाचाही फायदा आहे. तेव्हा उपकार मागितल्यासारखं बोलू नका. नव्या जागेचं चटईक्षेत्र, मुदत आणि तोवरचं पर्यायी भाडं लिहिलेला करार मागा. त्यावर मालक आणि विकसक दोघांच्या सह्या हव्यात आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. तोंडी ‘जागा देऊ’ला काडीची किंमत नाही.

पावती सासऱ्यांच्या नावाने आहे म्हणून घाबरू नका. ते वारले तेव्हा तुमचे यजमान त्यांच्यासोबत राहत होते ना? मग भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 7(15)(ड) नुसार तेही भाडेकरू ठरतात. तेव्हाचं रेशनकार्ड किंवा मतदारयादी पुरावा म्हणून शोधून ठेवा.

तुमच्या पत्रातली मला खरी खटकलेली गोष्ट म्हणजे ती पोती. विनापरवाना पोटभाडेकरू ठेवणं हे कलम 16(1)(ई) खाली घर खाली करून घेण्याचं थेट कारण आहे. मंडईच्या आसपास ओटा, माळा, जिन्याखालची जागा मालाला देण्याची रीत जुनी आहे, पण कोर्ट रीत पाहत नाही. खोलीचा एकमेव ताबा कोणाकडे आणि त्याचा मोबदला मिळतो का, हे पाहतं. कुलपाची किल्ली व्यापाऱ्याकडे असेल तर तुमची बाजू फारच लंगडी आहे. तुमच्याकडे असेल तर निदान बोलायला जागा आहे. काहीही असो, पोती या आठवड्यात हलवायला सांगा आणि पैसे घेणं थांबवा. मागच्या तारखेचे कागद मात्र अजिबात बनवू नका. उलटतपासणीत ते टिकत नाहीत, आणि तुमच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

भाडं थकवू नका. मालकांनी घेतलं नाही तर मनिऑर्डरने पाठवा, परत आली तर ती पावतीही फायलीत लावा. घर सोडण्याआधीच त्यांनी पाणी किंवा वीज तोडली, तर कलम 29 खाली शिवाजीनगरच्या लघुवाद न्यायालयात अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लगेच गाठा.